बंद पडद्यापुढचे इनामदार

दृष्टी गेलेल्या माणसाच्या शेजारी वर्षानुवर्षं बसून मी सॉफ्टवेअर बांधायचं एक फ्रेमवर्क निवडलं, का, तर ते दिसायला देखणं होतं! तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे अक्कल यायची वेळ टळून गेली होती. चष्मा मात्र नवा होता.

शेजारी म्हणजे इनामदार. हडपसरच्या आमच्या कंपनीत आम्ही साखर कारखान्यांच्या यंत्रांचे प्रोग्राम लिहायचो. मधुमेहाने त्यांचे डोळे नेले, तरी ते कामावर परतले. कानात इअरफोन, समोरचा मॉनिटर कायम बंद. कुणी तो चालू करायला गेलं की म्हणत, "असू द्या. वीज कशाला जाळता? मी कुठे बघतोय!" पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या बाईला ते 'आमच्या सौ.' म्हणत. मध्येच कुणी बोललं की हात वर. "थांबा, सौ. बोलतायत. घरी ऐकत नाही, इथे तरी ऐकू द्या."

पुढे हे प्रोग्राम ज्यात टाइप करायचे तो खास कोड एडिटर आपणच करायचा असं ठरलं. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्ही प्रकारच्या संगणकांवर चालणारा. त्याचा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क, निवडायचं काम माझ्याकडे होतं. एक फ्रेमवर्क ज्या-त्या संगणकाचीच बटणं वापरायचं. म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळं, जरा गबाळं दिसायचं. दुसरं फ्रेमवर्क सगळी बटणं स्वतःच रंगवायचं. तिन्हीकडे हुबेहूब सारखं. शालू निवडावा तशी मी रंगावर भाळले.

एडिटर दाखवला त्या दिवशी टाळ्या पडल्या. मग इनामदारांनी पुढच्या बटणावर जायला टॅब दाबला. पुन्हा दाबला. त्यांनी इअरफोन उपसला, तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं: "ब्लँक. ब्लँक. ब्लँक." रंगवलेलं बटण म्हणजे नुसतं चित्र, सौ.ना वाचायला तिथे काही नव्हतंच.

"बाई, आमच्या सौ. गप्प केल्यात तुम्ही," ते म्हणाले. "घरी कसं करायचं तेही शिकवा."

सगळे हसले. मी जरा जास्तच.

"पुढच्या आवृत्तीत बघू," मी म्हटलं. मागे फिरायचं तर निवड चुकली म्हणावं लागलं असतं, आणि टाळ्या तर ताज्या होत्या. पुढची आवृत्तीही मुकीच निघाली. इनामदार ज्यावर काम करत, तो जुना एडिटर बंद झाला. कंपनीने इनामदारांना फोन घ्यायला बसवलं. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला.

आता ते या जगात नाहीत. माझेही डोळे मावळतीला लागलेत. नातीने फोन बोलता करून दिलाय. एखाद्या देखण्या ॲपवर बोट पडतं आणि आतली बाई म्हणते, "ब्लँक." भर दुपारी, भरल्या घरात, शेजारची खुर्ची सरकते. "बसा, इनामदार," मी म्हणते. सुनेला वाटतं, म्हातारी चळली. मी तिला तसं वाटू देते; खुर्चीकडे मात्र वळून बघत नाही.

राजीनामा देऊन ते निघाले, तेव्हा मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले होते. "रागावलात?" मी विचारलं. त्यांनी आधी काठी आत ठेवली, मग ते बसले.

"छे हो, बाई! मी आंधळा आहे हे विसरलेल्या तुम्ही एकट्याच. बरं वाटलं मला. नोकरी तेवढी गेली."