नावाखालचा कडा

सुईबाईंनी एकतीस वर्षं डोंगर काढले आणि त्यातल्या एकाही डोंगरावर पाय ठेवला नाही. नकाशा कचेरीत कामाची वाटणीच तशी होती. मोजणीवाले उन्हातान्हात फिरून वह्या भरून आणायचे आणि आरेखन खोलीतल्यांनी त्या वह्यांवरून शाईने नकाशा काढायचा. सुईबाई आरेखन खोलीतल्या. खालून दिवा असलेलं काचेचं टेबल, त्यावर ताणून बसवलेला पारदर्शक कागद, केसाएवढ्या टोकाची पेनं आणि चुकलेली रेघ खरवडायला अर्धं ब्लेड, एवढा त्यांचा संसार. हात इतका बारीक की कचेरीने त्यांना सुईबाई करून टाकलं आणि पुढे घरीही तेच चिकटलं. मोजणीवाल्यांबरोबर एखादा दिवस जाऊन यावं का, असं त्यांनी एकदा साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणाले, "कशाला उगीच पाय दुखवता? डोंगर इथेच येतात की तुमच्या टेबलावर." सगळे हसले, सुईबाईही हसल्या आणि विषय तिथेच राहिला.

बाई मुळात भारी चौकस. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद, जो जगात कुणी वाचत नाही, तो त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मिक्सर बिघडला नसतानाही त्यांनी एकदा उघडला होता, आणि त्यानंतर तो खरंच बिघडला. त्यांचे यजमान ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगतात.

तर अशा बाईंच्या घरात सुनेने एके दिवशी हातात मावणारं जीपीएस आणलं. सून दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवते. आठवडाभर लोकांचे दात आणि रविवारी डोंगर, असा तिचा क्रम. सुरुवातीला ती एकटी जायची, मग दवाखान्यातली माणसं मागे लागली, मग शेजारचे, आणि आता चौदा जणांचं लटांबर तिच्या भरवशावर चालतं. लोक म्हणतात ती वाट दाखवते. वाट दाखवायची तर काहीतरी भरवशाचं हातात हवं, म्हणून हे यंत्र. साबणाच्या डबीएवढं, जाड रबराच्या कडांचं, पाण्यात पडलं तरी न मरणारं.

पण डबी सुरू केली तर आत दोन हमरस्ते, एक नदी आणि बाकी सगळं कोरं.

"हे काय गं? डोंगर कुठे गेले?" सुईबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"डोंगर वेगळे घालावे लागतात, आई. नकाशा आपण निवडायचा, कार्डावर उतरवायचा आणि ते कार्ड आत सरकवायचं," सून म्हणाली. "तीन मिळालेत. कोणता घालू ते तुम्हीच सांगा. तुमच्या हाताखालून गेलंय सगळं."

सुईबाईंना दुसरं काय हवं होतं! जेवणाच्या टेबलाचं एक टोक त्यांनी सोमवारी काबीज केलं. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला सुनेचा लॅपटॉप, मध्ये भिंग आणि वही.

पहिला नकाशा म्हणजे जुन्या सरकारी कागदाचा जसाच्या तसा काढलेला फोटो. दिसायला देखणा, पण जवळ आणलं की अक्षरं फुगून पुसट होतात आणि यंत्र धापा टाकायला लागतं. दुसरा विकतचा, एका कंपनीचा. त्यात फोटो नाही. जुन्या सरकारी कागदावरचीच प्रत्येक रेघ संगणकावर नव्याने गिरवलेली. कितीही जवळ आणा, रेघ कापल्यासारखी स्वच्छ, आणि बोट ठेवाल तिथली उंची सांगायला तयार. तिसरा फुकटचा, हौशी लोकांनी मिळून केलेला. पायवाटा, पाण्याच्या जागा, मोडके पूल, जो जिथे गेला त्याने ते भरलेलं. त्यातल्या उंचीच्या रेघा मात्र आकाशातून घेतलेल्या मापांवरून आलेल्या.

"मग कोणता चांगला?" यजमानांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"कशासाठी चांगला, ते आधी सांगा. पाणी शोधायचं तर तिसरा. चढ-उतार पाहायचा तर दुसरा."

"आणि पहिला?"

सुईबाई जरा लाजल्या. "तो माझा आहे."

खरंच तो त्यांचा होता. कोपऱ्यातल्या क्रमांकावरून त्यांनी तो पाहताक्षणी ओळखला. सुनेचा येत्या रविवारचा डोंगर त्याच कागदावर होता, आणि त्या डोंगराचं पाच अक्षरांचं नाव सुईबाईंनी स्वतःच्या हाताने असं ऐसपैस, हलक्या कमानीत लिहिलं होतं की साहेबांनी तो कागद आरेखन खोलीत सगळ्यांना फिरवून दाखवला होता. सुनेलाही त्यांनी तो दाखवला, दोनदा.

गुरुवारी दुपारी त्यांनी तिन्ही नकाशांत तीच जागा एकामागून एक उघडली. हेतू एवढाच की कोणता सरस ते ठरवून टाकावं. विकतच्या नकाशात त्या डोंगराच्या मागच्या अंगाला उंचीच्या सहा रेघा ऐटीत, मोकळ्या अंतराने चालल्या होत्या. रेघा दूर दूर असल्या की उतार सोपा, एकमेकींना खेटल्या की जपून, हे काही त्यांना शिकवायला नको. म्हणजे उतार अगदी लहान पोरानेही उतरावा असा. फुकटच्या नकाशात त्याच जागी त्याच सहा रेघा एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या.

दोनपैकी एक धडधडीत खोटं बोलत होता. कोण?

आधी त्यांनी फुकटच्यालाच चोर ठरवलं. आकाशातून मोजताना दाट झाडांचे शेंडेच जमीन म्हणून धरले जातात, हे त्यांनी कालच वाचलं होतं. पण शेंड्यांनी उंची थोडी चुकेल. असा कडा कुठून उगवेल? मग स्वतःचा कागद काय म्हणतो ते पाहायला त्यांनी तो उघडला, आणि तिथे रेघाच नव्हत्या. तिथे नाव होतं.

कचेरीची रीत अशी, की रेघांवर नाव आलं तर अक्षराखालची रेघ खरवडून तोडायची, म्हणजे अक्षर सुटं वाचता येतं. तोडलेली रेघ पलीकडे पुन्हा सुरू होते. वाचणाऱ्याने मधलं समजून घ्यायचं. सुईबाईंनी भिंग पडद्याला टेकवलं. नावाच्या डावीकडे सहा रेघा मोकळ्या, उजवीकडेही मोकळ्या. आणि तिसऱ्या-चौथ्या अक्षरांमधल्या फटीत, जिथे ब्लेड लागलं नव्हतं, तिथे एक बारकासा काळा डाग. कंपनीच्या गिरवणाऱ्याने तो धुळीचा कण समजून सोडून दिला असणार आणि डावी टोकं उजव्या टोकांना सरळ जोडून टाकली असणार. त्याचं तरी काय चुकलं? तो डाग म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या सहा रेघा होत्या.

मोजणीवाल्याच्या वहीत तिथे पेन्सिलीने कडा दाखवला होता हे त्यांना आता लख्ख आठवलं. कड्यावर नाव टाकायचं नाही, हा नियमही त्यांना तेव्हा ठाऊक होता. पण खाली ओढा आडवा येत होता, वर जागा अपुरी होती आणि अक्षरांची ती कमान फक्त तिथेच खुलत होती.

संध्याकाळी सून आली, हातपाय धुतले आणि टेबलापाशी बसली. "आई, विकतचाच घातला बरं का मी. वाटही आखून ठेवली रविवारची. मागच्या अंगाने सरळ उतरायचं, मोठा वळसा वाचतो."

"दाखव."

निळी रेघ बरोबर त्या पाच अक्षरांच्या जागेवरून खाली जात होती. सुईबाईंनी यंत्र टेबलावर ठेवलं. गप्प राहून नुसतं 'वळसाच घे, बाई' म्हणता आलं असतं. सुनेने ऐकलंही असतं. पण तो विकतचा नकाशा आणखी किती जणांच्या खिशात असेल?

"तिथून उतरू नकोस," त्या म्हणाल्या. "तिथे कडा आहे. मी तो खोडलाय."

सुनेला आधी काही कळेना. सुईबाईंनी तिला भिंग दिलं, डाग दाखवला, ब्लेड कसं चालवायचं तेही वहीच्या कागदावर करून दाखवलं. सुनेने भिंग पुन्हा पडद्याला टेकवलं.

"पण आई, नक्की कडाच असेल कशावरून? मापंही चुकतात, डागही असू शकतो."

"म्हणून तर जायचं. शनिवारी. तू आणि मी."

"तुमचा गुडघा?"

"गुडघा माझा आहे, मी बघते त्याचं."

यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. बायको डोंगरावर निघाली हे पचायला त्यांना थोडा वेळ लागला. मग उठून त्यांनी निमूटपणे आपली काठी आणून दिली.

शनिवारी गाडीरस्ता जिथे संपतो तिथून त्या दोघी सोप्या वाटेने चढल्या. सून अर्ध्या तासाचं म्हणाली होती, दीड तास लागला, कारण सुईबाई दर शंभर पावलांवर थांबून यंत्रातली रेघ आणि पायाखालची जमीन ताडून बघत होत्या. "ही बघ, ही माझी ओढ्याची वळणं! ही रेघ मी काढली तेव्हा मला वाटलं होतं, इतकं वाकडं पाणी वाहतं तरी का? आणि हे बघ, खडक आडवा आलाय म्हणून!" त्या कुणाच्या तरी लग्नात आल्यासारख्या खुशीत होत्या. मध्येच त्यांना आपण कशासाठी आलोय ते आठवायचं आणि त्या काठी टेकत पुढे चालू लागायच्या.

माथ्यावर वारं होतं. यंत्रातला बाण निळ्या रेघेवर आला. पडद्यावर समोर सहा मोकळ्या रेघा, सोपा उतार. प्रत्यक्षात समोर गुडघाभर गवत, आणि ते वीसेक पावलांवर एकदम संपत होतं.

सुनेने त्यांचं मनगट धरलं. दोघी शेवटची काही पावलं बसून, सरकत सरकत गेल्या आणि वाकून पाहिलं. खाली काहीच नव्हतं. फार खोल, झाडांचे शेंडे शेवाळासारखे दिसत होते. त्यांच्या आणि त्या शेंड्यांच्या मध्ये एक पक्षी पंख पसरून तरंगत होता, आणि सुईबाईंना त्याची पाठ दिसत होती. पक्ष्याची पाठ त्यांनी जन्मात कधी वरून पाहिली नव्हती. भीती वाटत असूनही त्यांना तिथून डोळे काढवेनात.

सून मात्र मागे सरकली आणि गवतात बसून राहिली. "धुकं असतं तर? रविवारी धुकं असतं तर मी यंत्राकडे बघत सगळ्यात पुढे असते, आई."

सुईबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. "नाव इतकं छान बसलं होतं ना तिथे, की मला दुसरं काही दिसलंच नाही."

मग सून उठली. कंपनीला कळवायचं, तर नेमकी जागा हवी होती. तिने यंत्रावरचं बटण दाबलं. पडद्यावर त्या जागी छोटी लाल खूण उमटली आणि खाली एक रिकामी चौकट उघडली.

"आई, हे खुणेचं नाव विचारतंय. काय लिहू?"

सुईबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग पुढच्या तुटलेल्या गवताकडे.

"काही लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "रिकामंच राहू दे."