हे झालं जगाले सांगाचं

फूलवाल्या मावशीचं एकदा विचारून भागत नसे. "कसा हायेस?" तिनं विचारावं, आपण "बरा हावो" म्हणावं, की हाराच्या दोऱ्याला गाठ मारता मारता ती मान वर करायची. "हे झालं जगाले सांगाचं. आता मले सांग."

अमरावतीला शिकताना मी तिच्या घरी भाड्यानं राहायचो. शेवटच्या वर्षी नापास झालो आणि आठ दिवस खोलीबाहेर पडलो नाही. फोनवर आईला मात्र सगळं झकास सांगत होतो. मावशी झेंडूची टोपली घेऊन सरळ खोलीत येऊन बसली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं आणि मी हमसून हमसून रडलो. "रड बापा," ती म्हणाली, "फुलं काई इतक्यात सुकत नाई." नंतर तिनंच मला ओढत डॉक्टरकडे नेलं.

मावशीचे यजमान, आमचे काका, गेले तेव्हा मी अकोल्यात नोकरीला होतो. मावशी जेवेना, बोलेना. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तिच्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. ते रोज सकाळी विचारायचं, "आज कसं वाटतंय?" ती बोलून उत्तर द्यायची, ते डॉक्टरांना आणि मला दिसायचं. "पण तुम्ही येत राहा हं," डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी दर रविवारी जायचोही. पण अ‍ॅपवर रोज 'बरं हाये' आणि हिरवा ठिपका! म्हटलं, चला, मावशी बरी आहे. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं मला. दोन महिने फिरकलो नाही.

मग शेजारणीचा फोन आला. जाऊन पाहतो तर टोपली पालथी आणि मावशी अंथरुणात, पार चिपाड झालेली.

"मावशी, रोज 'बरं हाये' काहून सांगितलं?"

"अरे, परक्यानं इचारलं तं बरंच सांगा लागते ना! थो फोन एकडावच इचारते." मग भिंतीकडे वळून म्हणाली, "तुनं तं एकडावबी नाई इचारलं."

जन्म वऱ्हाडात गेला आणि 'बरं हाये'चा अर्थ मला कळू नये? लाज वाटते.

डॉक्टरांनी औषध बदललं. आता ते दर आठवड्याला व्हिडिओवर तिच्याशी बोलतात आणि दोनदा विचारतात. मीच सांगितलं त्यांना तसं. त्यांच्याशी ती मोकळी होते. हळूहळू सावरली, पुन्हा हार ओवायला लागली.

मी आता रविवार चुकवत नाही. जवळ बसून विचारतो, "कशी हायेस, मावशी?"

"बरी हावो."

"हे झालं जगाले सांगाचं. आता मले सांग."

ती दोऱ्याला गाठ मारते. "बरी हावो ना बापा," म्हणते, आणि मान वर करत नाही.