चामडं की कापड?

आमच्या जीपला चार चाकं होती, एक भोंगा होता आणि बसायला काहीही नव्हतं.

लष्कराने मोडीत काढलेली ती जीप आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेतावर जायला घेतली होती. पावसाळ्यात धरणगावकडच्या आमच्या काळ्या रानात बैलगाडीसुद्धा रुतायची, तिथे ही जीप रेड्यासारखी घुसायची. सीटांच्या जागी नुसते पत्रे होते. त्यावर पोती टाकून आम्ही बसायचो, आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली माझ्या जिभेमुळे. मी धुळ्याला मुलगी बघायला गेलो होतो. मुलीचं नाव कुसुम. तिचे वडील नाना हे निवृत्त शाळा तपासनीस. समोर आलेली प्रत्येक गोष्ट ते तपासत. माझ्या चपलासुद्धा त्यांनी उलट्या करून पाहिल्या! (खालून त्या फाटक्या होत्या. ते फक्त "हं" म्हणाले.)

"मुलगा ठीक आहे," शेवटी ते म्हणाले, "पण जळगावला येऊन घर पाहिल्याशिवाय मी होकार देत नसतो. आणि एस.टी.ने माझा मणका हलतो."

"आमची जीप आहे ना!" मी म्हणालो. तेवढ्यात कुसुम चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघून हसली. झालं! माझा जिभेवरचा ताबा सुटला. "मीच घ्यायला येतो. आमच्या जीपच्या सीटा म्हणजे अशा मऊ, की मणक्याला कळणारसुद्धा नाही!"

नानांनी बारा दिवसांनंतरची तारीख दिली. बारा दिवसांत पोत्यांच्या जागी सीटा आल्या नाहीत तर कुसुम गेली, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. झोप उडाली. जेवताना भाजीत भाकरी बुडवायची सोडून मी पाण्यात बुडवू लागलो.

मेहरूणच्या वाटेवर हमीदचाचांचं गाद्या शिवायचं दुकान होतं. त्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "भाऊ, चमडा की कपडा?"

"चामडं!" मी म्हणालो. नानांवर छाप पडायला हवी होती.

घरी आईला हे कळलं. "चामड्यावर बसून मी देवीला जाऊ? तुझ्या बायकोला ने त्यातून. मी बैलगाडीने जाईन."

मी सायकल काढली आणि चाचांकडे गेलो. "चाचा, कापड!"

दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात आलं, रानातला काळा चिखल कापडावर बसला की आयुष्यात निघणार नाही. पुन्हा सायकल. "चाचा, चामडंच!"

रात्री आबा ताटावरून गरजले, "वर्षभर कापूस पिकवायचा आपण, आणि बसायचं कातड्यावर? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

पुन्हा सायकल! मला लांबून येताना बघून चाचांनी कात्री खाली ठेवली आणि हात जोडले. "भाऊ, पाठीचं चमडं कापून झालं. आता काय हुकूम?"

"पाठीला चामडं राहू द्या," मी धापा टाकत म्हणालो. "बुडाखाली कापड!"

"और भरू काय? काथ्या?"

"काथ्या कशाला? घरचा कापूस आहे!" मी घरी धावलो, खोलीतलं हाताला लागलं ते पोतं सायकलवर टाकलं आणि आणून आदळलं. चाचांनी मूठभर कापूस बाहेर काढून दाबून पाहिला.

"भाऊ, ह्याच्यात सरकी आहे. जिनिंगमधून बी काढून आणा."

"त्याला चार दिवस लागतील! भरा तसाच!"

"सरकी टोचेल, भाऊ."

"बसून बसून बसेल!" मी म्हणालो. आयुष्यात इतका ठाम मी त्यानंतर कधीच झालो नाही.

अकराव्या दिवशी सीटा बसल्या. पाठीला तपकिरी चामडं, खाली निळं कापड. आबा बसले, जरा डावीकडे सरकले, जरा उजवीकडे सरकले. "वसंता, खाली काहीतरी टोचतंय."

"नवीन आहे, आबा."

बाराव्या दिवशी भल्या सकाळी मी धुळ्याला निघालो. नाना आणि त्यांची थोरली बहीण आक्का तयारच होते. पण निघता निघता जेवणाचा आग्रह झाला, आणि मे महिन्याच्या उन्हात जीप दोन तास उघडी तापली. मी सीटला हात लावून बघितला तर चटका बसला! नानांचा मणका डोळ्यांसमोर आला. विहिरीवरून बादली आणली आणि सगळी सीटांवर ओतली.

नाना बसले. जीप निघाली.

"वसंतराव, गारवा आहे."

"हो ना!" मी खूश होऊन म्हणालो.

"जरा जास्तच आहे."

पारोळ्यापर्यंत ते धोतराचा सोगा पिळत बसले. मागे आक्का "हे काय गं बाई, हे काय गं बाई" म्हणत होत्या. पारोळ्याला मी चहासाठी जीप थांबवली. त्या दिवशी बाजार होता. हॉटेलात नानांना बसता येईना. ते बाहेर उन्हाकडे पाठ करून, धोतर वाळवत उभ्यानेच चहा प्यायले.

परत आलो तेव्हा जीपमध्ये म्हैस होती.

म्हणजे अर्धी म्हैस होती. मागची अर्धी बाहेर होती. भिजवलेली सरकी म्हणजे म्हशीचं पक्वान्न! शिंगाने कापड फाडून ती नानांची सीट चवीने खात होती. आक्कांची सीट आधीच संपवलेली होती. मी ओरडत धावलो आणि तिच्या तोंडातून लोंबणारं निळं कापड दोन्ही हातांनी ओढू लागलो. मी ओढतोय, म्हैस ओढतेय, बाजार गोळा झालाय!

म्हशीची मालकीण काठी टेकत आली. तिने जीपमध्ये डोकावून पाहिलं. "ओ दादा, सरकी कोन गादीमा भरस? मनी म्हैस काय सोडी?" मग कापूस चिवडून म्हणाली, "बठ्ठी खाई गई!"

आपली म्हैस सगळी सरकी खाऊन गेली, हे सांगताना म्हातारीच्या आवाजात अभिमान होता.

नाना शांतपणे म्हणाले, "वसंतराव, हे सगळं कसं झालं?" आणि मी घाबरून सगळंच सांगून टाकलं: पोती, चामडं, कापड, सायकल, सरकी, बादली. माझा आवाज रडवेला झाला होता, लपवत नाही.

"ज्या मुलाला बारा दिवसांत एक गादी ठरवता येत नाही," नाना म्हणाले, "त्याच्या घरी मी मुलगी द्यायची? आम्ही इथून एस.टी.ने परत जातो."

मला कुसुमचं ते हसू आठवलं.

"नाना, थांब," आक्का म्हणाल्या. "तू काय पाहिलंस? मी सांगते मी काय पाहिलं. मुक्या जनावराच्या घशात चिंधी अडकेल म्हणून हा मुलगा शिंगांसमोर उभा राहिला. जीव धोक्यात घातला! तू घातला असतास?"

नाना म्हशीच्या शिंगांकडे एकदा पाहून जीपकडे वळले. मी गप्प राहिलो. (अशा वेळी गप्प राहण्याची अक्कल कुठून आली, देव जाणे.)

मग मी पाठीच्या चामड्याच्या गाद्या काढून खालच्या पत्र्यावर टाकल्या. म्हशीने त्यांना तोंडही लावलं नव्हतं. त्या तव्यासारख्या तापल्या होत्या, पण नानांचं धोतर अजून ओलं असल्यामुळे त्यांना चटका बसला नाही. जळगावला उतरताना ते म्हणाले, "चामडं चांगलं आहे." तोच त्यांचा होकार.

याला आता कितीतरी वर्षं झाली. परवा आम्ही सोफा घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "काका, रेक्झिन की कापड?" मी विचार करायला डोळे मिटले, उघडले तेव्हा कुसुमने सोफा ठरवून टेम्पोत चढवलाही होता.

घरी आल्यावर त्या नव्या सोफ्यावर बसून मी तिला इतकी वर्षं मनात ठेवलेलं खरं सांगून टाकलं. "कुसुम, आक्कांचा गैरसमज झाला होता. त्या दिवशी मी म्हशीला वाचवत नव्हतो. गादीला वाचवत होतो."

"ते मला लग्नाआधीपासून माहीत आहे, आक्कांनीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण गादी तरी कुठे वाचली?"