गोष्टीतले तात्या इंदापूरच्या स्टँडवर

उतरून टाकलेली लिंबं गोळा करून, त्यांची बॅटरी करून वर्गात छोटा दिवा पेटवून दाखवणारी बाई आहे मी. भूत, करणी, अंगात येणं — यातलं काही माझ्यासमोर काढायची सोय नाही. घरचे अमावस्येचा नारळसुद्धा मी शाळेत गेल्यावर फोडतात. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय… पण घडलं ते घडलं. आणि मी एकटी नव्हते. सोबत सासूबाई होत्या, आणि त्या कुणाला खोटं बोलू देत नाहीत.

मी बारामतीत राहते आणि वडगाव निंबाळकरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञान दिनासाठी मुलांकरता एक छोटी विज्ञानकथा लिहायचं मी कबूल केलं होतं. म्हटलं, आराखडा वर्गातच करू, म्हणजे गोष्ट कशी रचतात तेही मुलांना कळेल. फळ्यावर लिहिलं — कोण? कुठे? आणि विज्ञान कुठलं?

"हिरो म्हातारा घ्या मॅडम," आठवीतून आवाज आला. नाव ठरलं शंकरतात्या, गाव सांगवी. प्रणाली नावाच्या मुलीनं हट्टच धरला, की तात्यांची मिशी अर्धी पांढरी आणि अर्धी काळी पाहिजे.

"का गं?"

"कलप मधेच संपला, मॅडम."

वर्ग हसून लोळला. तात्या येणार भविष्यातून. तिकडे म्हशी उरलेल्या नाहीत, दुधाची गोळी मिळते. म्हणून म्हशीच्या दुधाच्या एका चहासाठी तात्या आपल्या काळात येतात — हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. तास संपला, फळा पुसला.

रविवारी मी लिहायला बसले. 'शंकरतात्या भर दुपारी इंदापूरच्या एसटी स्टँडवर उतरले आणि समोर दिसलेल्या बाईंना त्यांनी विचारलं, म्हशीच्या दुधाचा चहा कुठं मिळंल?' सुरुवात झकास वाटली. पण पुढे घोडं अडलं. तात्यांना आणलं खरं, परत कसं पाठवायचं? प्रकाशाचा वेग आणि सांगवीचा म्हातारा, काही केल्या जुळेना. शेवटी कंटाळून लॅपटॉप मिटला. हे सुरुवातीचं वाक्य मी कुणालाही दाखवलं नव्हतं. अगदी नवऱ्यालाही नाही.

मग नणंदेचं डोहाळजेवण आलं, इंदापूरला. मी आणि आत्या — सासूबाईंना मी आत्या म्हणते — कार्यक्रम उरकून दुपारी स्टँडवर पोचलो. बारामतीची गाडी अजून लागली नव्हती. बाकावर टेकतोय, तोच कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं.

"मॅडम, म्हशीच्या दुधाचा चहा कुठं मिळंल?"

मी वर बघितलं. धोतर, टोपी… आणि मिशी. डावीकडून पांढरीशुभ्र, उजवीकडून काळीकुळकुळीत.

मी बाकावर मागे सरकले. आत्यांना मात्र कसलं काय! माणूस भेटला की त्याचं सगळं कूळ काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"कुठलं म्हणायचं, पाव्हणं?"

"सांगवीचा. शंकर."

"अगं बया, माझं म्हायेरच हाय की सांगवी! कुणाच्यातलं तुमी? वडलांचं नाव काय?"

"ते अजून जन्मायचं हायेत."

आत्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "उन्हानं झालंय. आधी चहा पाज त्यांस्नी."

टपरीवर गेलो. तात्यांनी बशीत चहा ओतला, एक घोट घेतला, डोळे मिटले… आणि म्हाताऱ्याच्या गालावरून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"ह्याला वास हाय," ते म्हणाले. "गोळीला वास नसतोय."

गोळी! माझा अर्धा चहा साडीवर सांडला.

"कवाधरनं बसलाय हितं?" आत्यांनी विचारलं.

"लई दिस झालं. हितं उतरवलं आन् पुढचं काय सांगितलंच न्हाय. घरी जायाचं कसं, ठावं न्हाय."

आत्यांचा पारा चढला. "कोण त्यो बिनकाळजाचा! म्हाताऱ्या माणसाला स्टँडवर सोडायचं आन् आपण घरी पाय पसरून बसायचं? लाज कशी वाटत न्हाय म्हणते मी!"

"असू द्या," तात्या म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. "कामात असतील."

खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. शरम वाटली. गोष्टीतला असो नाहीतर कुठला… समोर थकलेला माणूस उभा होता आणि त्याला घरी जायचं होतं.

"तात्या," मी घसा खाकरून म्हटलं, "समजा आपला वेग प्रकाशाच्या वेगाजवळ नेला, तर काळ—"

"तसलं नगं मॅडम. गुडघं दुखत्यात."

"मग कसं जायचं म्हणता?"

"यष्टीनं बरं पडंल."

तेवढ्यात बारामतीची गाडी लागली. वर्गात सांगते तशी मी गोष्ट पुढे सांगायला लागले. "तात्या गाडीत बसतील. मागच्या सीटवर, खिडकीशी. डोळे मिटतील. उघडतील तेव्हा घरची माणसं समोर असतील."

"नातवंडंबी?"

"नातवंडंही."

"मग झालं तर," म्हणाले आणि उठले.

आत्यांनी स्वतः दंडाला धरून त्यांना गाडीत चढवलं. डोहाळजेवणातल्या लाडवांची पुडी हातात दिली. त्यांच्या मागोमाग आत्या, आत्यांच्या मागोमाग मी. मी पिशवी सावरत वर चढते न चढते, तोच आत्या ओरडल्या, "अगं, गेलं कुठं?"

गाडी रिकामी. मागची सीट रिकामी. आत्यांनी वाकून सीटखालीसुद्धा बघितलं.

कंडक्टर दारातच उभा होता. "कोण म्हातारं, मावशी? तुमी दोघीच चढलाय की."

"ह्या हातानं चढवलं मी त्यांस्नी!"

"मला न्हाय दिसलं."

"तुला कसं दिसंल! मोबाइलात डोकं तुझं!"

बारामती येईपर्यंत त्यांचं भांडण चाललं होतं. लाडवांची पुडी काही सापडली नाही.

नवरा लोणी देवकरच्या कंपनीत माल तपासायच्या खात्यात आहे, त्यामुळे खोट काढल्याशिवाय त्याला राहवत नाही. त्याच्या मते पोरांनी कुणाच्यातरी आजोबांना पढवून पाठवलं, आणि आजोबा मागच्या दारातून उतरून गेले. मी मागचं दार पाहिलं होतं, बंद होतं. वर्गातही विचारलं. पोरं माझ्याकडे अशी बघत राहिली, की मलाच विषय बदलावा लागला. मी इंदापूरला जाणार हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते चहाचं वाक्य तर लॅपटॉपच्या बाहेर पडलंच नव्हतं. आत्यांनी माहेरी चौकशी केली. अशा मिशीचा माणूस सांगवीत कुणी पाहिलेला नाही. मी प्रत्येक शक्यता ताडून बघितली… उत्तर नाही. आजही नाही.

गोष्ट मी तशीच पूर्ण केली, एसटीसकट, आणि विज्ञान दिनाला वाचून दाखवली. "यात विज्ञान कुठंय मॅडम?" असं एकानं विचारलं, पण टाळ्या जोरात पडल्या.

"आता दुसरी, मॅडम!" पोरं ओरडली. "ह्या टायमाला बिबट्या घेऊ! तीन तोंडांचा! शाळेच्या मागच्या उसातनं येतो!"

मी हातातला खडू ठेवून दिला.

"नको," म्हटलं. "आपण रोपट्याची गोष्ट लिहू. लहानशा. कुंडीतल्या."