हडप्पाकाकांनी वाचलेली फुली

जी लिपी जगभरच्या विद्वानांना अजून वाचता आलेली नाही, ती नवघरच्या आमच्या बिल्डिंगमधले हडप्पाकाका चहा गार व्हायच्या आत वाचत. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं तर यायलाच हवं.

त्यांच्या मते सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर ना राजे, ना देव, सगळे कारागीर. दोन कानांचं भांडं म्हणजे कुंभार, दातेरी चिन्ह म्हणजे विणकर. मासा बघून कुणी ‘कोळी’ म्हटलं की खवळत. "कोळी कसा? जाळं विणणारा! जरा अभ्यास करत जा." अभ्यास म्हणजे काका सांगतील ते. शेजारच्या इंद्रलोक वस्तीतल्या एका प्राध्यापकांनी पुरावा मागितला. "मुद्रेवरच आहे. तुम्हाला दिसत नाही, त्याला मी काय करू?" प्राध्यापक पुन्हा फिरकले नाहीत. काकांनी तो विजय मानला.

"हडप्पातलं दिसतं, गॅसवरचं दूध उतू गेलेलं दिसत नाही," काकू म्हणत. रत्नागिरीहून लग्न होऊन त्या थेट याच घरात आलेल्या. हृदय थकलेलं, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दिवसभर गॅलरीत बसून असत. "इथून आता मी आडवीच निघणार," असं हसत सांगत.

एक दिवस इंजिनिअर येऊन तळमजल्याच्या खांबांवर लाल फुल्या मारून गेले. सेक्रेटरी मेहताभाईंनी विचारलं, "काका, ये क्या लिखा है?"

"सुताराची खूण!" काका गरजले. "दोन फळ्यांचा सांधा. दुरुस्ती करतायत, बाकी काही नाही!"

मला राहवलं नाही. जिन्यात गाठून म्हणालो, "काका, खांब गेलेत. बिल्डिंग खाली करायला लागणार."

"तेवढं वाचता येतं रे मला," ते हळूच म्हणाले. "ती वरून ऐकतेय."

त्यानंतर बिल्डिंगमधला जो तो सुताराचं नाव घेऊ लागला. घरं रिकामी करणारे काकूंना सांगत, सुतारकाम होईपर्यंत गावी जातोय. मेहताभाईही गॅलरीखाली थांबून ओरडत, "काकी, सुतार अभी तक आया नहीं!" काकांच्या सिद्धान्ताला इतकी एकमुखी मान्यता कधीच मिळाली नव्हती.

काकू त्याच घरात गेल्या, झोपेत. दिवसकार्य उरकल्यावर काकांनी मेहताभाईंच्या हातात किल्ली ठेवली. ते मुलीकडे नाशिकला निघाले होते. बॅग मी घेतली होती. खांबापाशी ते थांबले, फुलीवर हात ठेवला.

"एवढी एकच चुकीची वाचली मी," काका म्हणाले. "बाकी सगळ्या बरोबर आहेत."