दीनाबाईंनी सुट्टीला घर घेतलं

दीनाबाई भिंगारदिवे सव्वीस वर्षं नेवासा तालुक्यातल्या शाळांमधून शिकवत होत्या, आणि त्या सव्वीस वर्षांतली एकही उन्हाळ्याची सुट्टी त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आली नव्हती. निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी त्यांची ट्रंक नगरच्या गाडीवर चढायची. नगरला धाकटा भाऊ आमोस राहायचा. आईवडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि दीनाबाई एकोणीस वर्षांच्या. त्यांनी त्याला शिकवलं, नोकरीला लावलं, मरियाशी त्याचं लग्न लावून दिलं, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं ते राहिलंच. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. पण सुट्टीत नगरला पोचलं की कुरडयांचा गहू भिजवण्यापासून गाद्यांचा कापूस पिंजून घेण्यापर्यंत सगळी कामं त्यांच्यासाठी राखून ठेवलेली असायची. मरिया तशी वाईट नव्हती. "ताई आल्या की मला कसं हायसं वाटतं," असं ती चारचौघांत अगदी मनापासून म्हणायची. ताईंना कशानं हायसं वाटतं, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत शाळा तपासायला एक साहेब आले. तपासणी उरकल्यावर चहा घेताना ते गेल्या उन्हाळ्याची गोष्ट सांगू लागले. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या धरणाजवळ शेंडी नावाचं गाव आहे, तिथं त्यांनी आठ दिवस घर भाड्यानं घेतलं होतं. ओट्यावर बसलं की समोर पाणीच पाणी, आणि मे महिन्यात संध्याकाळी अंगावर शाल घ्यावी लागते. बाकीचे मास्तर "वा वा" म्हणाले. दीनाबाईंनी हातातली बशी खाली ठेवली आणि विचारलं, "साहेब, त्या घरमालकाचा पत्ता मिळेल?"

"तुम्हाला कशाला हो, बाई?"

"राहायला."

साहेब हसले, पण पत्ता त्यांनी दिला.

दीनाबाईंनी पत्र टाकलं. खाली सही केली ती पगारपत्रकावर करायच्या तशीच: डी. के. भिंगारदिवे, प्राथमिक शिक्षक. उत्तर गोरक्षनाथ नावाच्या माणसाचं आलं. घर त्याच्या विधवा चुलतीचं, झुंबरबाईचं होतं आणि व्यवहार तो बघत होता. घर मोकळं आहे, महिन्याचं भाडं आगाऊ पाठवावं, सहकुटुंब अवश्य यावं, असं त्यानं लिहिलं होतं. दीनाबाईंनी मनीऑर्डर केली. मग आमोसला एक कार्ड टाकलं. त्यात दोनच ओळी होत्या. 'यंदा नगरला येणार नाही. मी सुट्टीवर जात आहे.'

तीन ठिकाणी गाडी बदलून त्या शेंडीला उतरल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. हमालाच्या डोक्यावर ट्रंक आणि स्वतःच्या हातात स्टोव्हची पिशवी. घर दगडी होतं, कौलारू, पुढं ऐसपैस ओटा. बाजूलाच एक लहान खोपट होतं, त्यात झुंबरबाई राहायची. ओट्यावर गोरक्षनाथ नवी टोपी घालून पाहुण्यांची वाट बघत उभा होता. तो हमालाच्या मागं, रस्त्याकडं बघत राहिला.

"साहेब मागून येत्यात का?"

"कोण साहेब?"

"भिंगारदिवे साहेब. मास्तर."

"मीच ती," दीनाबाई म्हणाल्या. "किल्ली द्या. फार ऊन लागलंय."

गोरक्षनाथची रस्त्याकडं वळलेली मान तशीच राहिली. "तुमी? आन् घरची मान्सं?"

"घरच्यांपासूनच सुट्टी घेतलीय मी."

"असं कसं चालंल, बाई? एकट्या बाईला आमी घर देत न्हाई. लोक काय म्हन्तील?" बोलता बोलता त्याला दुसरंच काहीतरी सुचलं. आवाज थोडा खाली आणून तो म्हणाला, "आन् भिंगारदिवे म्हंजी... तुमी कोन लोक?"

हा प्रश्न दीनाबाईंना नवा नव्हता. बदली होऊन नव्या गावी गेलं की पहिल्या आठवड्यात तो यायचाच, कधी सरळ, कधी आडवळणानं. सुरुवातीच्या वर्षांत त्या विषय बदलायच्या. आता बदलत नव्हत्या.

"ख्रिस्ती," त्या म्हणाल्या, तेही हमालाला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आजोबांनी धर्म घेतला. त्याआधी आम्ही गावकुसाबाहेर राहत होतो. एवढं पुरे, का आणखी काही लिहून घ्यायचंय?"

गोरक्षनाथनं टोपी काढली, पुन्हा घातली. "पाचची गाडी हाय अकोल्याला. पैसं परत करतो, पर तुमी जावा. विहिरीवर पान्याला जाल तर गावात बोंब हुईल."

"ते समोर एवढं धरण भरलंय, ते कुणाच्या नावावर आहे?"

दीनाबाईंनी हमालाला त्याचे पैसे दिले, ट्रंक ओट्यावर भिंतीला लावून घेतली आणि तिच्यावर बसल्या. डबा उघडला. सकाळची भाकरी आणि लसणाची चटणी होती, ती शांतपणे खाल्ली. पाचची गाडी आली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी गेली. गोरक्षनाथ तरातरा निघून गेला.

खोपटाच्या दारात एक म्हातारी कधीपासून उभी होती. हाडापेरानं मोठी, कपाळावर गोंदण. नवरा पाटबंधारे खात्यात मुकादम होता, तो जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्या नऊ वर्षांत घराचा कारभार पुतण्याकडं गेला होता. झुंबरबाई जवळ आली, पण ओट्याच्या पायरीशीच थांबली.

"मास्तरीणबाई, म्हैनाभर राहनार एकल्या?"

"हो."

"आन् करनार काय?"

"काही नाही."

"काई न्हाई म्हंजी?"

"म्हणजे काहीच नाही. झोपणार, जेवणार, पाण्याकडं बघत बसणार."

झुंबरबाईनं हे असं तोंडात धरून ठेवलं, जशी एखादी न चाखलेली वस्तू चघळून बघावी. मग कनवटीची किल्ली काढली आणि पायरीवर ठेवली. हातात दिली नाही, हे दीनाबाईंनी पाहिलं. पण किल्ली दिली, हेही पाहिलं.

पहिले चार दिवस त्या खरोखर नुसत्या झोपल्या. इतकी झोप आपल्या अंगात साठून राहिली होती याचं त्यांनाच नवल वाटलं. मग त्या सकाळी कळशी घेऊन धरणावर जाऊ लागल्या. गावातल्या बाया आधी लांबून बघायच्या, नंतर बघायच्या थांबल्या. पाणी भरून झालं की दीनाबाई एका सपाट खडकावर पाय पाण्यात सोडून बसत. डोंगरावरून ढगाची सावली सरकत यायची, पाण्यावर काळी पडायची आणि पुढं जायची. त्यांना एकदा वाटलं, हे कुणालातरी सांगावं. मग वाटलं, कशाला? हे आपलं एकटीचंच असू दे. रविवारी त्यांनी ओट्यावर बसून प्रार्थना केली आणि एक गीत म्हटलं, हळू नाही, ख्रिस्ती देवळात म्हणतात तसं मोकळ्या गळ्यानं. झुंबरबाई खोपटाच्या दारात तांदूळ निवडत ऐकत होती. नवव्या दिवशी ती आपण होऊन ओटा चढली आणि म्हणाली, "च्या करा." कपबशी दीनाबाईंचीच होती. झुंबरबाईनं बशीत ओतून, फुंकर घालून चहा प्याला.

बाराव्या दिवशी शाळेतल्या मास्तरांकडून पत्ता काढून आमोस आला. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, पण ताईसमोर आला की अजून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायचा.

"ताई, हे काय चाललंय? देवळात लोक विचारतात. मरिया एकटीनं कुरडया घालतेय, तिचा हात भाजला."

"फार भाजला का?"

"फार नाही. पण... तुम्ही आमच्यावर रागावलात का?"

"नाही रे."

"मग?"

तिसरीच्या मुलांना भागाकार समजावून सांगणं याहून सोपं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "आमोस, तुला रजा मिळते ना? रजेत तुझा साहेब तुला घरी पाणी भरायला बोलावतो का?"

"आपलं नातं साहेबाचं आहे का, ताई?" तो म्हणाला.

हे मात्र त्यांना लागलं. क्षणभर वाटलं, ट्रंक भरावी आणि जावं याच्याबरोबर. अकरा वर्षांचा तो पोरका मुलगा अजून याच्यात कुठंतरी होता. त्या उठल्या, त्याच्यासाठी स्टोव्ह पेटवला, भात टाकला, आणि पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या, "नातं आहे म्हणून तर सांगतेय. पुढच्या वर्षी मी आठ दिवस येईन. पाहुणी म्हणून. मला ताट वाढून द्यायचं. यंदा मी इथं महिना पुरा करणार आहे."

आमोस जेवला. संध्याकाळभर ओट्यावर बसून पाण्याकडं बघत राहिला. सकाळच्या गाडीनं जाताना त्यानं एवढंच विचारलं, "ताई, सरपण आहे का पुरेसं?" गाडी सुटेपर्यंत गोरक्षनाथ त्याच्या कानाशी लागला होता, बहिणीला घेऊन जा म्हणून. आमोस म्हणाला, "मला नाही जमायचं. तुम्ही बघा प्रयत्न करून."

गोरक्षनाथनं प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी सकाळी दीनाबाई धरणावरून आल्या तर दाराला नवंकोरं कुलूप. ट्रंक, स्टोव्ह, कपडे, सगळं आत. गोरक्षनाथ ओट्याच्या कडेला उभा होता आणि चावडीकडची चार माणसं गंमत बघायला जमली होती.

"मुंबईची पार्टी येतीया उद्या," तो म्हणाला. "सामान काढून देतो. गाडी गाठा."

"एक महिन्याचं भाडं घेतलंय तुम्ही. पंधरा दिवस झालेत."

"घर आमचं हाय, बाई. तुमचं न्हाई."

दीनाबाईंनी भरलेली कळशी खाली ठेवली. ओले हात पदराला पुसले. "कुलूप काढा," त्या म्हणाल्या. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला सांगावं तशा सुरात, एकदाच.

कुणी हललं नाही. तेवढ्यात खोपटातून काहीतरी जमिनीवर घासत आल्याचा आवाज झाला. झुंबरबाई नवऱ्याची पहार ओढत येत होती. ती ओट्यापर्यंत आली, दम घेतला, आणि पुतण्याकडं बघितलंच नाही.

"गोरक्ष म्हनतो घर आमचं," ती जमलेल्यांना म्हणाली. "ग्रामपंचायतीत कुनाचं नाव हाय, सांगा की! नऊ वरसं ह्यो घर भाड्यानं देतो आन् मला खोपटात ठिवतो. किल्ली म्या दिली हिला. माज्या हातानं." मग दीनाबाईंकडं वळली. "माजा खांदा वर हुईना, बाई. तुमी हाना."

दीनाबाईंनी आयुष्यात पहार उचलली नव्हती. ती त्यांना वाटली त्याहून जड निघाली. पहिला घाव दारावर बसला, दुसरा कडीवर. "काकू, पोलिसांत जाईन!" गोरक्षनाथ ओरडला. "जा," झुंबरबाई म्हणाली, "मीबी येते संगं." तिसऱ्या घावाला कोयंडा उखडला आणि कुलूप जसंच्या तसं लोंबकळत राहिलं. जमलेल्यांतला एक म्हातारा खोकल्यासारखं हसला. दीनाबाईंनी पहार भिंतीला उभी केली, कळशी उचलली आणि आत गेल्या. आत गेल्यावर मात्र त्या दार लोटून जमिनीवर बसल्या. रडू येत नव्हतं. अंगातून काहीतरी सरसरत होतं, आणि ते भीतीसारखं मुळीच नव्हतं.

मुंबईची पार्टी आली नाही. बहुतेक ती नव्हतीच. गोरक्षनाथ पोलिसांतही गेला नाही, कारण तिथं घराचा उतारा दाखवावा लागला असता. दीनाबाई ठरलेल्या दिवसापर्यंत राहिल्या, एक दिवस कमी नाही की जास्त नाही. जायच्या आदल्या दिवशी झुंबरबाईनं खोपटातली आपली चूल मोडली आणि दगडी घरात नवी मांडली. यापुढं पाहुण्यांना मागची एक खोली द्यायची, पुढच्या घरात आपण राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. गोरक्षनाथला तिनं ते सांगितलं नाही. त्याला ते धूर बघून कळलं.

मरियाचा हात मनातून जाईना म्हणून जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, दीनाबाई चार दिवस नगरला गेल्या, तेव्हा ती दोन दिवस ताईंशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं भाजलेला हात दाखवला. दीनाबाईंनी तो नीट पाहिला, मलम लावलं, पण माफी मागितली नाही. आमोसनं जेवताना विचारलं, "सकाळी पाणी गार असायचं का हो ताई, धरणाचं?" आणि मरियानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी, शाळेच्या गावी, दीनाबाईंच्या खोलीसमोर टांगा थांबला. त्यातून झुंबरबाई उतरली. हातात गाठोडं, त्यात दोन पायली नवा तांदूळ. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण हो या?" दीनाबाई म्हणाल्या, "पाहुण्या." झुंबरबाई आठ दिवसांसाठी आली होती आणि येताना कुणालाही सांगून आली नव्हती.

पाचव्या दिवशी गोरक्षनाथचं पत्र आलं. चुलती तिथं असल्यास ताबडतोब पाठवून द्यावी, गावात नाचक्की होत आहे, असा मजकूर. दीनाबाईंनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. झुंबरबाई अंगणात उन्हाला पाय पसरून बसली होती, तशीच बसून राहिली.

"काय लिहू?" दीनाबाईंनी विचारलं.

"लिवा, की आठ दिसांचं पंधरा केलं."

दीनाबाईंनी कार्ड काढलं आणि नेमकं तेवढंच लिहिलं.