तहकूब सभेची आगाऊ नोटीस

ग्रामपंचायतीच्या क्लार्कला किस्से गोळा करावे लागत नाहीत. फायलींवर धूळ बसते तसे ते आपोआप बसतात. मी फक्त घरी गेलो की ते वहीत उतरवतो, ज्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत. बायको विचारते, "एवढं लिहून मिळतं काय?" मी म्हणतो, डोकं शांत राहतं. नाहीतर बीपीची गोळी अर्धीची अख्खी करावी लागेल!

आमचं गाव मुळशीतलं, घोटावड्याच्या बाजूचं. खाली कंपन्या, मधे भाड्याच्या खोल्या आणि दोन नव्या सोसायट्या, टेकडावर वरची वस्ती. पावसाळ्यात वस्तीच्या दारातून ओहोळ वाहतात. मार्च लागला की तिथल्या बायका हंडे घेऊन खाली उतरतात. एवढं लक्षात ठेवा, कारण माझे निम्मे किस्से त्या हंड्यांपाशीच येऊन थांबतात.

*

नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. ग्रामसेवकांनी, म्हणजे आमच्या भाऊसाहेबांनी, बोर्डावर लावायला दोन कागद दिले. पहिला ग्रामसभेचा. दुसरा तहकूब ग्रामसभेचा, आठ दिवसांनंतरचा.

मी म्हटलं, "साहेब, पहिली सभा अजून व्हायचीय."

"ती होत नसते," भाऊसाहेब म्हणाले. "कोरमला शंभर मतदार लागतात. येतात चौदा. अर्धा तास वाट बघायची आणि तहकूब करायची. तहकूब सभेला कोरम लागत नाही. खरी सभा तीच."

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी चिकटवले. एक म्हातारबा थांबून वाचत होते. म्हणाले, "पहिला कशाला लावता? खळ वाया!"

*

वरच्या वस्तीत घरोघरी नळ बसले. टाकीपासून वस्तीपर्यंतचा पाईप तेवढा राहिला!

पण काम पूर्ण झाल्याचा फोटो सरकारी ॲपवर चढवायचा होता. घरातली बाई, हातात हंडा आणि नळाला चालू पाणी, असं तिन्ही दिसल्याशिवाय ॲप पुढे सरकत नाही. मग ठेकेदाराचा सुपरवायझर वीस लिटरचा कॅन घेऊन आला. घरामागं पाईपच्या उघड्या तोंडात नरसाळं लावलं, एकानं वरून कॅन ओतला, पुढं नळाला धार लागली. नळाखाली वस्तीतल्या शेवंताबाई हंडा घेऊन उभ्या. साठीच्या आहेत, शाळा दुसरीपर्यंत, आवाज मात्र माईक न लागणारा.

सुपरवायझर ओरडला, "झाला फोटो! बास!"

शेवंताबाईंनी हंड्यात डोकावून पाहिलं. "अर्धाच झालाय. अजून दोन-तीन फोटो काढा की, म्हंजी भरंल!"

*

नळाला पाणी नाही अशी शेवंताबाईंची ऑनलाईन तक्रार मीच भरून दिली. ती वर गेली. वरून त्याच्या खालच्या ऑफिसला, तिथून आणखी खाली, असं करत वीस दिवसांनी माझ्याच कॉम्प्युटरवर आली. उत्तर द्यायचं होतं. भाऊसाहेबांनी सांगितलं, मी टाईप केलं: "नळजोडणी पूर्ण. चालू पाण्याचा फोटो सोबत जोडला आहे."

हे लिहिल्याची मला लाज वाटली. तीही वहीत नोंदवली आहे.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई मोबाईल घेऊन आल्या. "नाना, काय मेसेज आलाय वाच."

मी वाचला. "आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे."

"म्हंजी माझं समाधान झालंय?"

"तसं लिहिलंय, मावशी."

"बगा! अन् मला कुनी सांगितलंच न्हाई!"

*

मधे सरपंचांना आणि मला सुशासनाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. एसी हॉल, प्रत्येकाला फोल्डर, पेन आणि पाण्याची बाटली. साठ गावांना बोलावलं होतं, आम्ही अकरा जण होतो. शिकवायला आलेल्या मॅडम खरंच तळमळीच्या होत्या. विषय होता लोकसहभाग. रिकाम्या खुर्च्यांकडं बघून त्यांचा आवाज बसायला लागला.

आमचे सरपंच मनानं चांगले. त्यांना ते बघवेना. उभे राहून म्हणाले, "मॅडम, तहकूब करा आन अर्ध्या तासानं परत चालू करा. मान्सं येवढीच ऱ्हातील, पन कायद्यात बसंल!"

*

सोसायटीतला एक आयटीवाला मुलगा एकदा सभेला लॅपटॉप घेऊन आला. कचऱ्यावर बारा स्लाईड केल्या होत्या, आणि चांगल्या होत्या. भाऊसाहेबांनी आधी मतदार यादी उघडली. मुलाचं नाव नागपूरला!

"मग तुम्हाला सभेत धरता येत नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"सर, मी इथे चार वर्षं टॅक्स भरतोय!"

सरपंचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टॅक्स भरायला कोरम लागत न्हाई, बाळा."

*

मूळ दुखणं आता सांगतो. पाईप टाकायचा तर ग्रामसभेचा ठराव लागतो. पहिल्या सभेत अध्यक्षांच्या परवानगीनं नवीन विषय घेता येतो; पण शेवंताबाई त्या सभेला यायच्या, तर कोरम नसल्यामुळं सभाच व्हायची नाही. तहकूब सभेला यायच्या, तर भाऊसाहेब नियम वाचून दाखवायचे: तहकूब सभेत नोटिशीवरचेच विषय घेता येतात, नवीन विषय घेता येत नाही. आणि नोटिशीवर विषय घ्या म्हटलं, की भाऊसाहेब म्हणायचे, "जोडणी पूर्ण असल्याचा फोटो आहे, विषय कशाचा घेऊ?"

शेवंताबाई चार वेळा उठल्या आणि चार वेळा बसल्या. चारही वेळचं माझ्याकडं लिहिलेलं आहे. पहिल्या वेळी चिडल्या. दुसऱ्या वेळी हात जोडले. तिसऱ्या वेळी नुसत्या उभ्या राहिल्या. चौथ्या वेळी मात्र शांतपणे विचारलं, "भाऊसाहेब, नवा विषय जुना कवा हुतो?"

भाऊसाहेबांनी नियमाचं पुस्तक चाळलं. त्यात ते नव्हतं.

त्या उन्हाळ्यात शेवंताबाईंची सून पाण्याची कळशी घेऊन चढताना घसरून पडली. सातवा महिना होता. बाळ आणि ती, दोघं वाचली. शेवंताबाई नंतर ऑफिसात आल्या. फक्त पुढच्या सभेची तारीख विचारून गेल्या.

*

आमच्या इमारतीत खाली रेशन दुकान, वर सभेचा हॉल. त्या महिन्यात रेशनकार्डावरच्या प्रत्येक माणसाचा अंगठा मशीनवर घ्यायचा होता. सर्व्हर डाऊन! अख्खं गाव सकाळी आठपासून पायऱ्यांवर. नंबर जाईल म्हणून कुणी उठायला तयार नाही.

सभा त्याच दिवशी अकराला होती. भाऊसाहेब, सरपंच, मी आणि नेहमीची मंडळी दहालाच वर येऊन बसलो होतो. खालून शेवंताबाईंचा आवाज आला.

"उनात कशाला बसताय? वर पंखा हाय, चला! नंबराची काळजी करू नका, मशीन चालू झालं की दुकानदार हाक मारंल. हितं बी बसायचंच हाय, तितं बी बसायचंच हाय!"

माणसं वर यायला लागली. पिशव्या, कार्डं, म्हातारी माणसं, सगळं. प्रत्येकाची हजेरी रजिस्टरवर सही किंवा अंगठा. इथला अंगठा पहिल्या झटक्यात उठत होता! मी मतदार यादीवर खुणा करत होतो. नव्वद झाले. शहाण्णव झाले. नव्व्याण्णववर येऊन थांबले. जिन्यावर कुणी नाही.

तेवढ्यात आपली रांग गेली कुठं, म्हणून बघायला रेशन दुकानदार वर आला. शेवंताबाईंनी त्याच्या हातात पेन दिलं.

माझ्या नोकरीत पहिल्यांदा कोरम पूर्ण झाला होता! सरपंच उठून उभे राहिले आणि पुढं काय करायचं ते न कळून परत बसले.

"अध्यक्षांच्या परवानगीनं," शेवंताबाई उभ्या राहून म्हणाल्या. वाक्य पाठ करून आल्या होत्या. "वरच्या वस्तीच्या पाईपाचा विषय."

भाऊसाहेबांनी प्रोसिडिंग बुकावर, म्हणजे सभेच्या इतिवृत्तावर, हात ठेवला. "मावशी, तसं करता येणार नाही. सभा तहकूब झालेली आहे. प्रोसिडिंग बुकात लिहून झालंय. सरपंचांची सहीसुद्धा आहे."

हे खरं होतं. वेळ वाचावा म्हणून ते आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे.

शेवंताबाई माझ्याकडं वळल्या. "नाना, काय लिवलंय वाच. मोठ्यानं."

मी भाऊसाहेबांकडं पाहिलं. मग पुस्तक उचललं आणि वाचलं: "साडेअकरा वाजेपर्यंत वाट पाहूनही कोरम पूर्ण न झाल्याने सभा साडेअकरा वाजता तहकूब करण्यात आली."

शेवंताबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मग अजून वीस मिंटं हायेत की!" त्या म्हणाल्या. "तहकूब हुईस्तवर पाईपाचा विषय घ्या."